मांडव उतरवणारी पेशी

गुडघ्यावरची खपली नखानं उचकटू नकोस रे. तिच्या खाली काम चालू आहे. कडेच्या शाबूत कातडीतल्या पेशी पुढे सरकताहेत, एकीच्या दोन होताहेत, दोनाच्या चार, आणि फुटलेली जागा भरून काढताहेत. आठ-दहा दिवसांत खपली आपसूक गळेल आणि खाली नवी गुलाबी कातडी दिसेल. हे तू आधीही पाहिलं आहेस. पण कातडी भरून आल्यावर त्या पेशी थांबतात कशा, हे कधी मनात आलं का? वाढायचा सपाटा तसाच चालू राहिला असता, तर गुडघ्यावर नारळाएवढं टेंगूळ उभं राहिलं असतं. तसं होत नाही. जागा भरली की काम बंद. त्यांना कोण सांगतं, 'आता वाढा' आणि 'आता पुरे'?

आजची गोष्ट या सांगणाऱ्यांची आहे. बसा नीट.

आधी पसारा किती मोठा आहे ते ऐका. तुमच्या हाडांच्या मगजात दर सेकंदाला वीसेक लाख तांबड्या पेशी नव्यानं तयार होतात. आतड्याचं आतलं अस्तर चार-पाच दिवसांत सगळं नवं होतं. उलट मेंदूतल्या बहुतेक पेशी जन्मभर त्याच राहतात. म्हणजे एकाच अंगात कुणाला घाई, कुणाला सवड, आणि कुणाला कायमची विश्रांती. एवढ्या गर्दीत गोंधळ होत नाही, याचंच मला या वयातही नवल वाटतं.

आणि एकीच्या दोन होणं म्हणजे भाकरी मधोमध मोडण्याइतकं सोपं नाही. तुमच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएचा धागा असतो. सरळ केला तर दोन मीटर लांब, तुमच्या बाबांपेक्षा उंच! तो 46 गुणसूत्रांत विभागलेला असतो. पेशीला आधी वाढावं लागतं, मग त्या सगळ्या धाग्याची हुबेहूब नक्कल काढावी लागते, नक्कल नीट झाली का ते बघावं लागतं, आणि मग दोन्ही लेकींना 46-46 गुणसूत्रं मोजून वाटून द्यावी लागतात. क्रम चुकला, एखादं गुणसूत्र इकडचं तिकडे गेलं, तर पेशी मरते, नाहीतर बिघडते. म्हणून प्रत्येक पायरीला कुणीतरी हुकूम द्यावा लागतो. हे हुकूम देतात प्रथिनं. हो, डाळीत असतात म्हणून आजी सांगते ना, त्याच जातीची. पण ही पेशी स्वतः घडवते.

पहिला हुकूम बाहेरून येतो. इटलीत रीटा लेवी-मोंताल्चिनी नावाच्या बाई होत्या. मुसोलिनीच्या राजवटीनं ज्यूंना विद्यापीठांतून बाहेर काढलं, तेव्हा त्यांनी घरातल्या झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांतली पिल्लं वाढताना त्यांचे मज्जातंतू कसे फुटतात ते पाहू लागल्या. युद्धानंतर त्या अमेरिकेत सेंट लुईसला गेल्या. तिथं स्टॅन्ली कोहेन त्यांच्यासोबत काम करत होते. कोहेननी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क काढला आणि नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना टोचला. तुम्ही मांजरीची पिल्लं पाहिली आहेत ना, डोळे मिटलेली? उंदराची पिल्लंही तशीच. त्यांचे डोळे उघडायला जवळजवळ दोन आठवडे लागतात. या पिल्लांचे डोळे सातव्या दिवशीच उघडले! त्या अर्कात एक चिमुकलं प्रथिन होतं. ते पापणीच्या कातडीतल्या पेशींना सांगत होतं, 'वाढा.' त्यामुळे पापणी लवकर तयार झाली आणि लवकर उघडली. लेवी-मोंताल्चिनी आणि कोहेन यांना 1986 साली नोबेल मिळालं. तुझ्या गुडघ्यावर आत्ता असलीच प्रथिनं जखमेच्या ओलाव्यात उतरलेली आहेत.

काय म्हणालीस? बाहेरचा हुकूम पेशीच्या आत कसा पोचतो? शाब्बास, खरी गोष्ट तिथूनच सुरू होते. हुकूम दारावर येतो, पेशीच्या कडेवरचं दुसरं प्रथिन तो धरतं, आत निरोप देतं, आणि आत एक चक्र फिरू लागतं. ते चक्र कोण फिरवतं, हे बरीच वर्षं कुणालाच कळत नव्हतं. त्यासाठी आपल्याला समुद्रावर जायला हवं.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात वूड्स होल नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. तिथं समुद्री जीवांचा अभ्यास करणारी जुनी प्रयोगशाळा आहे, आणि उन्हाळ्यात जगभरचे शास्त्रज्ञ तिथं शिकायला आणि शिकवायला जमतात. केंब्रिजचे टिम हंटही जात. 1982 च्या जुलै महिन्यात त्यांनी सी अर्चिनची अंडी घेतली. सी अर्चिन म्हणजे खडकाला चिकटून राहणारा काटेरी गोळा. त्याच्या अंड्यांचा एक गुण फार सोयीचा. हजारो अंडी एका भांड्यात घ्यायची, एकाच क्षणी फळवायची, की सगळी मिळून एकाच वेळी विभागतात. तासाभरात एकीच्या दोन, मग दोनाच्या चार, कवायत केल्यासारखी.

फळल्यावर अंड्यात नवी प्रथिनं कोणती बनतात, एवढंच हंटना पाहायचं होतं. त्यांनी भांड्यात किरणोत्सारी अमिनो आम्ल टाकलं. नवं प्रथिन बनलं की त्यात ते आम्ल बसतं आणि फोटोच्या फिल्मवर काळी रेघ उमटते. दर दहा मिनिटांनी थोडी अंडी काढायची, त्यांतली प्रथिनं जेलवर वेगवेगळी करायची, आणि फिल्म धुवायची. काम कंटाळवाणं वाटतं ना? पण फिल्म समोर धरली तेव्हा त्यांना काय दिसलं ते ऐका. बहुतेक रेघा वेळेगणिक गडद होत गेल्या होत्या. ते बरोबरच, प्रथिन बनतंय तर साठणारच. पण एक रेघ सगळ्यांत गडद झाली, आणि पेशी दोन व्हायच्या बेतात असताना एकाएकी नाहीशी झाली. मग पुन्हा हळूहळू दिसू लागली, पुन्हा गडद झाली, आणि पुढच्या विभाजनाच्या वेळी पुन्हा गायब. जे प्रथिन पेशीनं इतक्या खटपटीनं बनवलं, तेच ती दर फेरीला स्वतःच्या हातानं मोडून टाकत होती! असलं वागणं त्या आधी कुणी पाहिलं नव्हतं. हंटनी त्या प्रथिनाला नाव दिलं, सायक्लिन.

आता ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी स्कॉटलंडमध्ये एडिंबराला सापडली, आणि तीही कचऱ्याच्या डब्यात.

तिथं पॉल नर्स नावाचा तरुण एका यीस्टचा अभ्यास करत होता. पाव फुगवणाऱ्या यीस्टचं हे दूरचं भावंड. त्याची पेशी काडीसारखी लांबट, टोकांनी वाढणारी. ठराविक लांबी झाली की मधोमध भिंत घालून दोन होते. केसाच्या जाडीवर अशा पाचएक काड्या टोकाला टोक लावून मावतील. नर्सना या पेशीचं विभाजन कोण ठरवतं ते शोधायचं होतं. आता जरा डोकं चालवा. एखादं जनुक बिघडलं आणि पेशीचं विभाजन थांबलं, तर त्यावरून काय कळतं? फारसं काही नाही. शेकडो गोष्टींतली कुठलीही मोडली तरी काम थांबतंच. पण एखादं जनुक बिघडलं आणि पेशी वेळेच्या आधीच विभागू लागली, तर? तर मात्र ते जनुक वेळ ठरवणाऱ्यांपैकीच असणार. म्हणून नर्स सूक्ष्मदर्शकाखाली बुटक्या पेशी शोधू लागले. पुरेशी लांबी व्हायच्या आत दोन होणाऱ्या.

अशा पन्नासएक जाती त्यांना मिळाल्या, पण सगळ्यांत बिघडलेलं जनुक एकच निघालं. ते होतं लगाम लावणारं. मग एका शुक्रवारी त्यांना आणखी एक बुटकी जात दिसली, पण त्या बशीत बुरशी चढलेली. ती वेगळी काढणं म्हणजे मोठी कटकट. त्यांनी बशी कचऱ्यात टाकली आणि घरी गेले. पण मन स्वस्थ बसेना. बाहेर पाऊस पडत होता. तशा पावसात ते परत प्रयोगशाळेत आले, डब्यातून बशी बाहेर काढली आणि बुरशीतून त्या पेशी निवडून घेतल्या. तिच्यात बिघडलेलं जनुक वेगळंच होतं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं. त्याचं नाव सीडीसी-2. ते पुरतं मोडलं तर पेशी विभागतच नाही, आणि एका विशिष्ट तऱ्हेनं बदललं तर घाईनं विभागते. म्हणजे चक्र पुढे ढकलणारा तोच. त्यापासून बनणारं प्रथिन दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेटचा कण चिकटवतं, आणि तेवढ्यानं ती प्रथिनं कामाला लागतात किंवा काम सोडतात. अशा प्रथिनाला काइनेज म्हणतात.

यीस्टमधलं जनुक आणि आपला काय संबंध, असंच विचारणार होतास ना? नर्सनाही तोच प्रश्न पडला. त्यांनी आणि मेलनी ली यांनी सीडीसी-2 मोडलेल्या यीस्टमध्ये माणसाची जनुकं घातली. हजारो तुकडे, प्रत्येक पेशीत वेगळा. त्यांतल्या एका तुकड्यानं अडकलेलं यीस्ट पुन्हा चालू लागलं, विभागू लागलं! हे छापून आलं 1987 साली. माणूस आणि यीस्ट यांचा शेवटचा समान पूर्वज शंभर कोटी वर्षांपूर्वीच्याही आधी होऊन गेला. तेव्हा पृथ्वीवर मासे नव्हते, झाडं नव्हती. त्या काळापासून आजपर्यंत या कामाचा हुकूमदार तोच आहे, इतका तोच, की माणसाचा उचलून यीस्टमध्ये ठेवला तरी यीस्ट त्याचं ऐकतं. मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो होतो.

आता दोन्ही अर्ध्या जोडू. बेडकाच्या अंड्यांवर काम करणाऱ्या योशिओ मासुई यांनी 1971 सालीच दाखवलं होतं, की परिपक्व होणाऱ्या अंड्याच्या रसात काहीतरी असतं, जे दुसऱ्या अंड्यात घातलं की तेही विभाजनाच्या मार्गाला लागतं. ते 'काहीतरी' 1988 साली शुद्ध स्वरूपात हाती आलं, आणि उलगडा झाला. त्यात होता नर्सचा काइनेज आणि हंटचं सायक्लिन. दोघं एकमेकांना धरून. काइनेज पेशीत कायम असतो, पण एकटा असतो तेव्हा निजलेला. सायक्लिन येऊन बिलगलं की तो जागा होतो, शेकडो प्रथिनांना फॉस्फेट लावत सुटतो, केंद्रकाची भिंत विरघळते, गुणसूत्रं गुंडाळून आखूड होतात, आणि वाटणी सुरू होते.

मग सायक्लिन मोडायचं कशाला? राहू दिलं तर काय बिघडलं? आपल्याकडे दारात लग्नाचा मांडव पडतो ना, तसं आहे हे. मांडव नसेल तर लग्न लागायचं कुठं? पण लग्न झाल्यावर तो उतरवलाच नाही, तर गाडी दारात येणार नाही, धान्य वाळत घालायला जागा राहणार नाही, घर लग्नातच अडकून पडेल. रोजचा संसार सुरू व्हायला मांडव उतरावा लागतो. पेशीचंही असंच होतं, हे सॅन फ्रान्सिस्कोत अँड्र्यू मरे आणि मार्क किर्शनर यांनी 1989 साली दाखवलं. त्यांनी बेडकाची अंडी दाबून त्यांचा रस नळीत घेतला. पेशी नाहीच, नुसता रस. तरी त्यात चक्र फिरत होतं! मग त्यांनी सायक्लिनच्या एका टोकाचा तुकडा कापून टाकला. हे सायक्लिन काइनेजला जागं करू शके, पण पेशीला ते मोडता येत नसे. ते रसात घातलं मात्र, चक्र विभाजनाच्या मधेच थबकलं ते थबकलंच. पुढचं पाऊल टाकायला मागचा हुकूम मोडावा लागतो.

हे मोडणंही फार शिस्तीत चालतं. पेशी टाकाऊ सायक्लिनवर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाच्या चिठ्ठ्या चिकटवते. चिठ्ठी लागली की प्रोटिअझोम नावाचं यंत्र त्या प्रथिनाचे बारीक तुकडे करतं. आणि सायक्लिन एकच नसतं. वाढीची फेरी सुरू करणारं वेगळं, डीएनएची नक्कल सुरू करणारं वेगळं, वाटणी करणारं वेगळं. एक जातं, दुसरं येतं. क्रम चुकत नाही, कारण मागे फिरायची वाट प्रत्येक वेळी मोडून टाकलेली असते.

आता सांगतो थांबण्याची गोष्ट, माझी सगळ्यांत लाडकी. सिॲटलमध्ये लेलंड हार्टवेल पावाच्या यीस्टवर काम करत. पेशीचक्राची शंभराहून जास्त जनुकं त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी शोधून काढली. त्यांना दिसलं, की यीस्टवर क्ष-किरण सोडून डीएनए तोडला तर पेशी विभाजनाच्या आधी थांबते, तुटलेलं सांधते, मगच पुढे जाते. पण रॅड-9 हे जनुक नसलेली जात थांबतच नाही, तुटक्या डीएनएनिशी धावत सुटते आणि मरते. का बरं? तिला सांधता येत नाही म्हणून? टेड वायनर्ट आणि हार्टवेल यांनी 1988 साली एक साधी युक्ती केली. त्या पेशींना औषध घालून काही तास बळेच थांबवून ठेवलं. आणि त्या पेशी जगू लागल्या! सांधायचं कसब त्यांच्यात पुरेपूर होतं. फक्त थांबायचं कसं ते त्यांना ठाऊक नव्हतं. नोकरीच्या काळात आणि घरातही मी हे किती वेळा पाहिलं आहे. कसब असतं, उसंत नसते.

हार्टवेल, हंट आणि नर्स या तिघांना 2001 साली नोबेल मिळालं.

तुमच्या-आमच्या पेशींत थांबवायचं मोठं काम करतं ते पी-53 नावाचं प्रथिन. ते 1979 साली सापडलं, आणि पुढची दहा वर्षं ते कर्करोग करतं असाच समज होता. मग कळलं, की ते तर कर्करोग अडवतं. याचीही तऱ्हा सायक्लिनसारखीच. निरोगी पेशी पी-53 सतत बनवते आणि काही मिनिटांत मोडते. व्यर्थ खटाटोप वाटतो ना? पण डीएनए तुटला, की पेशी ते मोडायचं थांबवते. क्षणात पी-53 साठतं, आणि पी-21 नावाच्या सोबत्याकरवी काइनेजला जखडून टाकतं. चक्र थांबतं, दुरुस्ती होते. दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पी-53 त्या पेशीला स्वतःहून मरायला लावतं. सगळं अंग वाचावं म्हणून एक पेशी जाते. माणसाच्या जवळजवळ निम्म्या कर्करोगांत हेच प्रथिन बिघडलेलं आढळतं. तिथं 'पुरे' म्हणणारं कुणी उरलेलं नसतं.

आता एक कोडं. हत्तीच्या अंगात आपल्या कित्येक पट पेशी, आयुष्यही मोठं. मग त्याला कर्करोग आपल्यापेक्षा जास्त व्हायला हवा. तसा तो होत नाही, उलट क्वचितच होतो. 2015 साली शास्त्रज्ञांनी पाहिलं, की माणसाला पी-53 च्या जनुकाची एक जोडी मिळते, एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून. आफ्रिकी हत्तीला मिळतात 20 जोड्या! सगळ्या प्रती पूर्ण नाहीत, पण हत्तीच्या पेशीचा डीएनए बिघडला की ती आपल्या पेशीपेक्षा फार लवकर मरण पत्करते.

आपल्याला मात्र दोनच प्रती आहेत, पोरांनो. त्या जपायला हव्यात. तंबाखूच्या धुरात बेंझोपायरिन नावाचं रसायन असतं. ते पी-53 च्या जनुकावर नेमक्या त्याच जागी जाऊन बसतं, जिथं फुप्फुसाच्या कर्करोगात बिघाड सापडतो. हे 1996 साली सिद्ध झालं. आणि आपल्याकडे तर तंबाखू मळून गालात धरतात, मिश्री दातांना लावतात, गुटख्याच्या पुड्या फोडतात. भारतातल्या पुरुषांत तोंडाच्या कर्करोगाचं प्रमाण एवढं मोठं आहे ते मुख्यतः यामुळेच. गालाच्या आतल्या पेशी रोज विभागत असतात, आणि रोज त्यांच्या थांबवणाऱ्यावर घाव पडतो. मित्र आग्रह करतील, 'एकदाच' म्हणतील. तेव्हा ही गोष्ट आठवा आणि हात मागे घ्या. हे तुमच्याकडून मी मागून घेतो आहे.

आणि एकदा बिघडलंच तर? तेव्हाही या गोष्टीतली माणसं कामाला येतात. नर्सच्या काइनेजची भावंडं आपल्या पेशीत आहेत. त्यांतली सीडीके-4 आणि सीडीके-6 वाढीची फेरी सुरू करतात. त्या दोघांना अडवणारी पाल्बोसिक्लिब नावाची गोळी 2015 साली अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी मंजूर झाली. आज तिच्यामुळे आणि तिच्यासारख्या गोळ्यांमुळे कितीतरी बायकांचा आजार पुष्कळ काळ आटोक्यात राहतो. पेशीच्या हातून सुटलेला लगाम बाहेरून पुन्हा ओढता येतो.

हंट वूड्स होलला औषध शोधायला गेले नव्हते. अंड्यात कोणती प्रथिनं बनतात, एवढंच त्यांना बघायचं होतं. यीस्टच्या काड्या बुटक्या का राहतात, हा नर्सचा प्रश्न. असल्या प्रश्नांना लोक विचारतात, 'याचा उपयोग काय?' तुम्ही मोठे व्हाल, तुम्हांलाही कुणीतरी हे विचारेल. तेव्हा गप्प बसू नका. फिल्मवरची ती एक रेघ का नाहीशी झाली, हे विचारणारं कुणी नसतं, तर ती गोळी आज कुणाच्याच हातात पडली नसती, असं त्यांना ठणकावून सांगा.